फलटण ते वासोटा : सात दिवसांची रानवाट

फलटणात काय नाही? रामाचे देऊळ आहे, जुना जबरेश्वर आहे, महानुभावांची मंदिरे आहेत, नाईक निंबाळकरांचा राजवाडा आहे. शिवछत्रपतींच्या राणीसाहेब सईबाई याच घराण्यातल्या, हे आमच्याकडचे शाळकरी पोरही पाहुण्याला थांबवून सांगते. आषाढात माउलींची पालखी मुक्कामाला येते, तेव्हा दोन दिवस गाव आपले राहतच नाही. कालव्याचे पाणी आहे, ऊस आहे, डाळिंबे आहेत. नाही ते फक्त रान. झाडे आहेत, पण ती कुणीतरी लावलेली, कुणाच्यातरी बांधावरची.

हा मुद्दा आमच्या कन्येने काढला. ती अकरावीत आहे, आणि बापाच्या वर्मावर नेमके बोट ठेवण्याचे तिचे वय आहे. "बाबा, अरण्य, कानन, विपिन, अटवी असे शब्द तुम्ही वर्गात घडाघडा म्हणता. तुम्ही स्वतः त्यातलं एक तरी पाहिलंय का?"

वीस वर्षे मराठी शिकवणाऱ्या माणसाला हा प्रश्न झोंबावा असाच होता. मी महाबळेश्वरचे नाव घेतले. ती म्हणाली, "तिथे आपण मक्याचं कणीस आणि स्ट्रॉबेरी पाहिली." सौ. हसली, तेव्हा प्रकरण माझ्या हातून गेले आहे हे मी ओळखले.

त्या रात्री नकाशा पसरला. आणि आश्चर्य असे, की रान शोधायला सातारा-सांगली हे दोन जिल्हे सोडून जाण्याचे कारणच नव्हते. पूर्वेला मायणीचा पक्ष्यांचा तलाव, खाली सागरेश्वरचे अभयारण्य, पश्चिमेला चांदोलीचे राष्ट्रीय उद्यान, त्याच्या डोक्यावर कोयनेचे अभयारण्य आणि शेवटी कासचे पठार. चांदोली आणि कोयना मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला; भोवतालचा पट्टा धरून त्याचे क्षेत्र अकराशे चौरस किलोमीटरांच्या वर आहे. एवढे रान उशाशी असताना आम्ही उसाच्या फडाला वनश्री म्हणत होतो!

नाताळच्या सुट्टीतले सात दिवस ठरले. पावसाळ्यात चांदोली आणि वासोटा बंद असतात, म्हणून थंडीच बरी. आमची लहान मोटार, तिघे माणसे, दशम्या, तिळाची चटणी, शेंगदाण्याचे लाडू, असा बेत चालला असता स्वयंपाकघराच्या दारातून आई म्हणाली, "बामणोलीला जाताय व्हय? मग मला बी न्या."

आईचे वय पंचाहत्तर. गुडघे तिच्याशी बोलत नाहीत. मी म्हणालो, "आई, तिथे डोंगर चढायचाय."

"मला डोंगूर नगं. मला पानी दावा."

येथे थोडे मागचे सांगायला हवे. माझ्या आईचे माहेर कोयनेच्या काठी होते. 'होते' हा शब्द मी विचारपूर्वक वापरतो आहे. ती अकरा वर्षांची असताना धरणाचे पाणी गावात आले आणि माझे आजोबा चार गुरे, एक उखळ आणि देवघरातला टाक घेऊन विट्याजवळच्या एका कोरड्या माळावर येऊन पडले. आई त्यानंतर एकदाही परत गेली नव्हती. आम्हीही कधी विचारले नव्हते. घरात रोज वावरणाऱ्या माणसाला काय हवे, हे विचारायचे राहूनच जाते.

तेव्हा मोटारीत चार माणसे झाली.

चक्रवाकांची भेट

फलटणहून दहिवडीला जाताना मोगराळ्याचा घाट लागतो. घाट तसा किरकोळ, पण तो चढताना आपण कालव्याचे राज्य सोडून दुष्काळाच्या राज्यात शिरतो. मागे वळून पाहिले की खाली हिरवा पट्टा, पुढे पाहिले की माणदेशचा करडा माळ. शिखर शिंगणापूरच्या शंभूमहादेवाला येथूनच हात जोडले. माळावर मेंढ्या, बाभळी, मधूनच ज्वारीचे उभे शेत. आई खिडकीतून ज्वारीकडे पाहत म्हणाली, "आमच्याकडं ही न्हवती. नाचणी, वरी आन् भात. हिकडं आलो आन् भाकरी बदलली. पयल्या वर्साला मी जोंधळ्याच्या भाकरीला हातच लावला न्हाई."

दुपारी मायणीला पोहोचलो. तलाव इंग्रजी अमदानीतला. गाळाने तो उथळ होत चालला आहे, आणि रोहित पक्षी कोणत्या वर्षी उतरतील हे आता कुणी छातीठोकपणे सांगत नाही. आम्हाला ते दिसले नाहीत. मात्र २०२१ साली या जागेला संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला, हे एक चांगले झाले.

रोहित नव्हते, पण काठावरच्या चिखलात नारिंगी-तपकिरी रंगाची बदकांसारखी एक जोडी चालत होती. डोकी फिकट, चाल सावकाश. तेथे दुर्बीण घेऊन बसलेल्या एका तरुणाला मी विचारले, "हे कोणते पाखरू?"

"चक्रवाक, सर."

वाचकहो, मी अक्षरशः खाली बसलो. रात्र झाली की ज्यांची ताटातूट होते आणि जे नदीच्या दोन काठांवरून एकमेकांना साद घालतात, ते चक्रवाक! वीस वर्षे मी ते फळ्यावर शिकवले. मुलांनी ते परीक्षेत लिहिले, मी त्याचे गुण दिले, आणि समोर उभे राहिले तेव्हा त्यांना बदक समजलो. कन्येने वहीत लिहिले : 'चक्रवाक २. बाबांनी ओळखले नाहीत.'

संध्याकाळ झाली तरी जोडी एकाच काठावर होती. सौ. म्हणाली, "कवींना कुणी सांगायला हवं होतं."

काळोख पडण्याआधी आकाशातून हाकारत एक रांग आली आणि पाण्यावर उतरली. पांढऱ्या डोक्यावर दोन काळे पट्टे : पट्टकादंब. उन्हाळ्यात तिबेट-मंगोलियाकडे राहणारा हा हंस हिवाळ्यात हिमालय ओलांडून खाली येतो. एव्हरेस्टच्या मुलखातून निघालेल्याने खटाव तालुक्यात मुक्काम करावा, आणि फलटणकराला त्याचा पत्ता नसावा! हवेत आता गारठा आला होता. आईने शाल डोक्यावरून घेतली आणि विचारले, "त्यांची घरं तितं ऱ्हात्यात का न्हाईत, ती परत जाईपातूर?" कुणी उत्तर दिले नाही.

हाताने लावलेले रान

दुसऱ्या दिवशी सकाळी विट्याच्या बाजूला मामांकडे जेवण होते. मामा आईपेक्षा आठ वर्षांनी लहान. गाव सोडले तेव्हा ते तीन वर्षांचे, म्हणून त्यांना कोयना आठवत नाही. ज्या माळावर आजोबांनी कुळीथ आणि बाजरी यांवर दिवस काढले, तेथे आता मामांचा दीड एकर ऊस उभा होता. टेंभू योजनेचे पाणी. कराडच्या खाली कृष्णेचे पाणी उपसून टप्प्याटप्प्याने वर चढवतात आणि ते कडेगाव-खानापूर-आटपाडीच्या माळांवर आणतात.

मी मास्तर असल्याने समजावून सांगण्याचा मोह आवरला नाही. म्हणालो, "आई, कोयनेच्या धरणातून सोडलेलं पाणी कराडला कृष्णेला मिळतं. म्हणजे ह्या पाटात थोडं तुमच्या गावावरचं पाणी आहे."

आईने पाटाकडे बराच वेळ पाहिले. मग म्हणाली, "म्हंजे पानी आलं की आमच्या मागं. पर पन्नास वर्सांनी."

मामा हसले. आई हसली नाही.

तेथून देवराष्ट्रे. यशवंतराव चव्हाणांचा जन्म १२ मार्च १९१३ रोजी येथे, आजोळी झाला. शेजारीच सागरेश्वराची जुनी देवळे आणि त्यांच्यामागे डोंगरावर अभयारण्य. हे रान म्हणजे एक नवलच आहे. क्षेत्र अवघे १०.८७ चौरस किलोमीटर. पण हे निसर्गाने दिलेले नाही, माणसांनी केलेले आहे. हे डोंगर उघडेबोडके होते. मोहित्यांचे वडगाव येथील धोंडी महादू मोहिते यांनी माणसे गोळा करून येथे झाडे लावण्याचा ध्यास घेतला, वनखाते पाठीशी उभे राहिले, कुंपण झाले, चितळ-सांबरे आणून सोडली आणि १९८५ साली अभयारण्य जाहीर झाले. कोरड्या मुलखात, जेथे माणसाच्या घागरीची पंचाईत, तेथे हरणाच्या पाणवठ्याची काळजी करणारी माणसे निघाली, हे लिहून ठेवण्यासारखे आहे.

वर चढून गेलो. एका वळणावर चितळांचा कळप उन्हात उभा होता. नराने शिंगे वर करून आमच्याकडे पाहिले आणि पुन्हा गवतात तोंड घातले. डोंगराच्या कडेवरून खाली कृष्णाकाठ दिसतो : उसाचे चौकोन, त्यांतून चकाकणारी नदी आणि किर्लोस्करवाडी. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी जेथे नांगरांचा कारखाना काढला, तेथूनच १९२० मध्ये 'किर्लोस्कर खबर' निघाले आणि मराठी घराघरांत मासिके वाचायची सवय लागली. निवडुंगाच्या माळावर कारखाना काढणारा एक, उघड्या डोंगरावर रान लावणारा दुसरा. ही दोन्ही वेडे एका नजरेच्या टप्प्यात असावीत, हा त्या मातीचा गुण म्हणावा.

उतरताना आमचे मागचे चाक बसले. जॅक होता, पण तो लावायचा कुठे यावर माझे आणि सौ.चे मतभेद झाले. शेवटी ऊस भरलेल्या ट्रॅक्टरवरचा एक मुलगा उतरला, त्याने दहा मिनिटांत चाक बदलले आणि पैसे नको म्हणून उसाची एक मोळी उलट आमच्याच टपावर ठेवली.

झोळंबीच्या सड्यावर

पेठ नाक्यावरून शिराळ्याकडे वळलो. हेच ते नागपंचमीचे बत्तीस शिराळा. नागांची सुगी होते ती श्रावणात, आम्ही आपले हिवाळ्यात मुकाट पुढे गेलो. कोकरूड, आरळा करीत मणदूरला पोहोचेपर्यंत मुलूख बदलला होता. माळ संपले, भाताची खाचरे आली, घरांच्या कौलांचा उतार वाढला. वारणेवरचे चांदोलीचे मातीचे धरण संध्याकाळच्या उन्हात एखाद्या लांबट टेकडीसारखे दिसत होते.

चौथ्या दिवशी पहाटे परवाना घेऊन, वाटाड्या बरोबर घेऊन जीपने आत शिरलो. चांदोली १९८५ साली अभयारण्य झाले आणि २००४ साली राष्ट्रीय उद्यान, क्षेत्र ३१७.६७ चौरस किलोमीटर. आत गेल्यावर पहिल्या अर्ध्या तासातच माझे सगळे समानार्थी शब्द निकामी झाले. कानन निराळे, विपिन निराळे आणि हे निराळे. जांभूळ, अंजनी, हिरडा, गेळा यांची दाटी. खाली इतका काळोख, की सकाळचे आठ वाजले हे घड्याळाने सांगावे. मध्येच फांदी हलली आणि लालसर तपकिरी अंगाचा, झुबकेदार शेपटीचा शेकरू एका झाडावरून दुसऱ्या झाडावर गेला. हा आपल्या महाराष्ट्राचा राज्यप्राणी. कन्येने वही उघडली.

झोळंबीच्या सड्यावर रान एकदम सुटते. सडा म्हणजे जांभ्या खडकाचे उघडे पठार. त्यावर वाळलेले गवत आणि पलीकडे कड्याखाली कोकण. त्या गवतात काळे खडक पडल्यासारखे दिसत होते. वाटाड्याने जीप थांबवून हात वर केला. एका खडकाने मान वर केली. गवे होते ते. अकरा. पायांत पांढरे मोजे घातल्यासारखा रंग, खांद्यावर डोंगर, आणि डोळ्यांत आमच्याविषयी कसलीही उत्सुकता नाही. त्यांनी आम्हाला पाहिले आणि सोडून दिले.

"वाघ?" कन्येने कुजबुजत विचारले.

वाटाड्या म्हणाला, २०१८ साली येथे कॅमेऱ्यात वाघ सापडला, मग २०२३ च्या डिसेंबरात पुन्हा एक दिसला. या जंगलात वाघ टिकावा म्हणून ताडोब्याकडून वाघीण आणून सोडण्याचे काम २०२५ साली सुरू झाले. पण येथला वाघ ताडोब्यासारखा गाड्यांपुढे येत नाही. दाट झाडी, चढउतार, मोठा मुलूख. त्याला आपण दिसतो, आपल्याला तो दिसत नाही.

परतीच्या वाटेवर एके ठिकाणी आंब्याची पाच-सहा जुनी झाडे ओळीने उभी होती. रानातले आंबे ओळीने उगवत नाहीत. जवळ जाऊन पाहिले तर गवतात दगडी जोती. एक पायरी. एक फुटके जाते. आई पायरीपाशी उभी राहिली. वाटाड्या जरा घुटमळला, मग म्हणाला, "हितं वस्ती होती. आमचे आजा-आजी अशाच गावातले. उद्यान झालं, गावं खाली नेली. आता हितं गवत येतं, म्हणून गवं येत्यात."

मी त्याला विचारले, "मग तुम्हाला काय वाटतं?"

तो म्हणाला, "साहेब, आजा शिव्या द्यायचा. बाप गप बसायचा. मी लोकान्ला गवा दावतो, त्यावर माझं घर चालतं. आता काय म्हणू?"

मी वर्गात असतो तर यावर दोन तास बोललो असतो. तेथे मला काहीच सुचले नाही. गवे पाहून माझे मन भरून आले होते, हे खरे. ते गवे ज्या गवतावर पोसले ते गवत कुणाच्या तरी खाचरात उगवले होते, हेही खरे. एकाने दुसरे खोटे होत नाही. दोन्ही बरोबर घेऊन जीपमध्ये बसावे लागते.

आई मात्र बोलली. जीप सुरू झाल्यावर म्हणाली, "आमच्या येळंला वाघ होता. वाड्यातली कालवड न्यायचा. वाघ बी होता आन् आमी बी होतो."

धरणाच्या भिंतीपाशी

पाचवा दिवस प्रवासाचा. शेडगेवाडी, उंडाळे करीत कराडला आलो. प्रीतिसंगमावर कोयना आणि कृष्णा समोरासमोर येऊन भेटतात. तेथेच यशवंतरावांची समाधी आहे. परवा जन्मस्थान पाहिले, आज समाधी. मधली वर्षे महाराष्ट्राच्या इतिहासात आहेत, आणि कोयनेचे धरण त्याच काळात उभे राहिले.

पाटणवरून कोयनानगर. १९५६ ते १९६४ या काळात बांधलेली ही भिंत १०३ मीटर उंच आहे. तिच्यामागचा शिवाजीसागर पन्नासएक किलोमीटर लांब पसरला आहे. पाणी डोंगराच्या पोटातल्या बोगद्यांतून पश्चिमेला कोकणाच्या बाजूला सोडून वीज काढतात; सगळे टप्पे मिळून १,९६० मेगावॉट. मुंबई-पुण्याच्या गिरण्या आणि घरे या विजेवर उभी राहिली, म्हणून कोयनेला महाराष्ट्राची भाग्यरेषा म्हणण्याचा प्रघात पडला. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे येथे भूकंप झाला; पावणेदोनशेच्या आसपास माणसे गेली, कोयनानगरची घरे जमीनदोस्त झाली. धरण उभे राहिले.

मी हे सगळे आईला सांगत होतो. आकडे सांगताना माझा आवाज जरा वर्गातला होतो, असे घरचे म्हणतात. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "आपल्या घरात लाईट कवा आली रे?"

हिशेब केला. विट्याजवळच्या त्या माळावरच्या घरात वीज आली ती आईच्या लग्नानंतर. म्हणजे गाव सोडून दहा वर्षे उलटल्यावर. मी आकडे बंद केले.

त्या रात्री मुक्कामाच्या जागी गरम पाण्याचा बंब चालत नव्हता आणि उशा दगडी होत्या. सौ.ने व्यवस्थापकाला चार शब्द सुनावले. तो बिचारा म्हणाला, "बाई, वीज गेलीय." कोयनेच्या पायथ्याशी वीज गेलेली ऐकून आम्ही सगळेच हसलो, आईसुद्धा.

फुलांशिवाय कास

सहाव्या दिवशी उंब्रजवरून साताऱ्याला आलो आणि यवतेश्वराचा घाट चढून कासला. २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटाला जागतिक वारसा मानले, त्यात हे पठार आहे. सप्टेंबरात येथे तेरडा, सोनकी, गेंद, सीतेची आसवे यांचे गालिचे पडतात आणि माणसांचेही. आम्ही डिसेंबरात गेलो. गालिचे गुंडाळून ठेवलेले. खाली नुसता काळा जांभा आणि त्यावर बोटभर माती.

पण मी म्हणतो, कास एकदा असेही पाहावे. फुले असताना फुलेच दिसतात. नसताना कळते, की एवढ्याशा मातीवर, पाणी न धरणाऱ्या खडकावर, चार महिन्यांच्या ओलीत शेकडो जाती आपले आयुष्य उरकतात. मातीत काही पुरवत नाही, म्हणून काहींनी किडे खायची विद्या कमावली. टोपली कारवी तर सात-सात वर्षे गप्प बसते आणि मग एकदाच सगळी मिळून फुलते. कन्या गुडघ्यांवर बसून वाळक्या बोंडांतले बी पाहत होती. आईने तिच्या मागून पाहिले. "कारवीच्या काठ्यांच्या भिंती असायच्या आमच्या," ती म्हणाली, "वरनं शेणानं लिपायच्या. भितीला कान लावला की वाऱ्याचा आवाज यायचा."

पंचाहत्तर वर्षांत ही भिंत मला प्रथमच ऐकायला मिळाली होती.

पाण्यावर

बामणोली. पहाटे पाण्यावर धुके, काठाला लाँचा बांधलेल्या. परवाने काढून आठच्या सुमारास निघालो. लाँच चालवणारा पस्तिशीचा, बोलका. तासाभराने मेट इंदवलीच्या काठाला लागलो. मी आणि कन्या वासोटा चढायला निघालो. आई आणि सौ. काठावर लाँचवाल्यापाशी थांबल्या.

वासोट्याला शिवाजीमहाराजांनी व्याघ्रगड नाव दिले. गडाचा उपयोग तुरुंग म्हणून होई, आणि वाटेवरचे रान पाहिले की का, हे समजते. सूर्य दिसत नाही, पाचोळ्यावर आपल्याच पावलांचा आवाज येतो, आणि चढ दया दाखवत नाही. १८१८ च्या एप्रिलमध्ये इंग्रजांनी गड घेतला. वर मारुतीचे छप्पर नसलेले देऊळ, महादेवाचे मंदिर, आणि टोकाला बाबुकडा : घोड्याच्या नालेसारखा वळलेला, खाली पाहिले तर पोटात गोळा आणणारा. एका अंगाला कोकण, दुसऱ्या अंगाला शिवाजीसागराच्या निळ्या बोटांनी धरलेला जावळीचा मुलूख. आमची लाँच वरून कुठे दिसते का, ते कन्या शोधत राहिली. दिसली नाही.

उतरून आलो तेव्हा आई लाँचवाल्याशी जुन्या ओळखीचे असल्यासारखी बोलत बसली होती. त्याची आजी आईच्या पलीकडच्या गावची निघाली होती. त्यांची वस्ती पाणी आल्यावर वर सरकली, एवढेच.

परतताना निम्म्या वाटेवर त्याने यंत्र बंद केले. लाँच सरकत सरकत थांबली. एकदम शांत झाले.

"आज्जी, हितंच आसंल," तो म्हणाला. "पान्यावर काय खूण ऱ्हातीय!"

आईने पाण्याकडे पाहिलेच नाही. ती डोंगरांकडे पाहत होती. एका सुळक्यावरून, एका खिंडीवरून, तिथून खाली, असे तिचे बोट हवेत रेघ ओढत गेले. "ही खिंड. आन् त्यो वासोटा. आमच्या दारातनं हाच दिसायचा." मग ती थांबली. "पर लई उंच हुता. बुटका झालाय डोंगूर."

मला समजायला क्षणभर लागला. डोंगर बुटका झाला नव्हता. आम्हीच तिच्या अंगणाच्या कितीतरी पुरुष वर तरंगत होतो.

कन्या वही मिटून आजीजवळ जाऊन बसली. सौ.ने तोंड फिरवले. मी मराठीचा प्राध्यापक. माझ्यापाशी एकही शब्द नव्हता.

थोड्या वेळाने लाँचवाला म्हणाला, "मे महिन्यात पानी उतरतं. तवा काही देवळं उघडी पडत्यात. गाळात जोती दिसत्यात. लोकं येत्यात, नारळ फोडून जात्यात."

"मंग उन्हाळ्यात यायला हवं होतं," आई म्हणाली. रडली नाही, काही नाही. जणू बाजाराचा वार चुकला. मग म्हणाली, "चालू कर बाबा. पोरीला भूक लागली आसंल."

घरी

साताऱ्याहून वाठार स्टेशन, आदर्कीचा घाट उतरून फलटणच्या शिवारात आलो तेव्हा रात्रीचे नऊ वाजून गेले होते. काच खाली केली. ओल्या मातीचा आणि उसाचा वास आला; रस्त्याकडेच्या पाटातून पाणी वाहत होते. सात दिवसांपूर्वी हा वास मला फक्त घरचा वाटला असता.

"हे पानी कुठनं येतं रे?" आईने विचारले.

"नीरेचा कालवा. भाटघरच्या आणि वीरच्या धरणांतून. भोरच्या डोंगरांतलं पाणी."

"तितं बी गावं असतील की बुडाल्याली."

"असतीलच."

ती पुढे काही बोलली नाही. मीही नाही. फलटणला रान नाही, असे मी या लेखाच्या आरंभी लिहिले. रान आहे, ते दीडशे किलोमीटरांवर आहे आणि पाटातून आमच्या बांधापर्यंत येते. त्याचे मोल आम्ही दिलेले नाही, एवढेच.

कन्येच्या वहीत शेवटी असा हिशेब आहे : चक्रवाक २, पट्टकादंब ३४, चितळ १९, शेकरू ४, गवे ११, वाघ ०. त्याखाली, वेगळ्या शाईने : 'आजीचं गाव १ (दिसलं नाही).'

मे महिन्यात पुन्हा जायचे ठरले होते. उत्तरपत्रिका आल्या, मग आईचे गुडघे जास्त झाले, मग पाऊस लवकर लागला. राहून गेले. परवा नव्या वर्षाचे कॅलेंडर घरात आले. बाकीच्या घरांत अधिक मास, एकादश्या आणि सुट्ट्या पाहतात. आईने ते मांडीवर घेतले, चष्मा मागितला, आणि नातीला म्हणाली, "आधी मे महिन्याचं पान काढ."